बदली(इनायत, इनायत)

१

ही गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी. निघोज्याच्या बाजूच्या त्या कंपनीत, कुलूपबंद खोलीच्या दारात मी स्वतः उभा होतो आणि काचेतून आत बघितलं.

बरं, उभा नव्हतो. उभा होता झिशान. मी फक्त त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. वर नळ उघडा राहिला तर ओल खालच्याच छताला येते.

संत तुकाराम नगरातलं हे घर तिघांचं. आई खैरुन्निसा, थोरला इनायत, धाकटा झिशान. दोघं भाऊ बिनलग्नाचे आणि दोघं एकाच कंपनीत. इनायत कॉम्प्रेसरच्या खोलीत, पहिल्या शिफ्टला. झिशान ऑफिसच्या इमारतीत, लॉगरूमवर. घरात ते दख्खनी बोलतात. मी आपलं मराठीत सांगतो, म्हणजे तुम्हाला आणि मला दोघांनाही सोपं.

लॉगरूम म्हणजे काय, हे थोडक्यात ऐकून घ्या. कंपनीतल्या प्रत्येक दाराला कार्ड टेकवायचं एक यंत्र असतं. कार्ड टेकवलं की ते ‘पीं’ करतं आणि एक ओळ लिहितं : कोण, कुठलं दार, किती वाजता. अशा ओळींचा दिवसभर पाऊस पडतो आणि तो सगळा झिशानच्या पडद्यावर साचतो. त्यातून हवी ती ओळ काढायची तर हातभर लांब शोध टाइप करावा लागतो. रोज कोण एवढं टाइप करणार? म्हणून त्या शोधाला एक टोपणनाव देतात. त्याला म्हणायचं मॅक्रो. टोपणनावापुढे कंस. कंसात जे घालाल ते आतल्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतं. खरं तर तिथे कार्डाचा नंबर घालतात, पण नंबर सांगत बसलो तर तुम्हाला झोप येईल. मी नावच घालतो.

झिशानच्या रोजच्या वापरातला मॅक्रो होता ‘कुठे’. कंसात एक जागा. दुपारी अम्मीचा फोन यायचाच.

“इनायत निघाला का रे? तवा ठेवू?”

झिशान टाइप करायचा : कुठे(इनायत). एक ओळ यायची.

“मेन गेटमधून बाहेर पडला, अम्मी. नाशिक फाट्याला अडकला नाही तर आलाच म्हणून समज. कणीक मळायला घे.”

एवढी महागाची यंत्रणा आणि उपयोग काय, तर चपात्या गरम मिळाव्यात. इनायत त्याला त्यावरून चिडवायचा. “तुला पगार कंपनी देते की अम्मी?”

२

अम्मी पडली त्या दिवशी कंपनीत फोन मी केला. हे मात्र खरं आहे. न्हाणीघरात पाय घसरला, कपाळाला खोक पडली, आणि माझ्या बायकोने वरून आरोळी ठोकली. मी आधी इनायतला लावला, कारण त्याची शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. “निघतोच,” म्हणाला.

पण निघता येईना. कॉम्प्रेसरची खोली कधी रिकामी सोडायची नाही, असा कंपनीचा नियम होता. तिथून यंत्रांना जाणारी दाबाची हवा बंद पडली की अख्खा प्लँट बंद पडतो. म्हणून पुढच्या शिफ्टच्या माणसाने बाहेरून कार्ड टेकवल्याशिवाय आतल्याच्या कार्डाला दार उघडायचंच नाही. पुढच्या शिफ्टचा सनी आला नव्हता. फोन बंद. आगीच्या वेळी फोडायची काच होती, पण ती फोडली तर प्लँट थांबणार आणि नोकरी जाणार.

इनायतने झिशानला फोन लावला. “अम्मी पडलीये. रक्त थांबत नाही म्हणतात. मला सोडव इथून.”

झिशानकडे त्याचा इलाज होता. ‘बदली’ नावाचा दुसरा एक मॅक्रो. त्याच्या कंसात दोन जागा : पहिल्यात जाणारा, दुसऱ्यात त्याच्या जागी येणारा. कार्ड विसरलेल्या लोकांसाठी तो पूर्वीच कुणीतरी करून ठेवला होता. हा मॅक्रो नुसता शोधत नसे, दोन ओळी लिहूनही टाकत असे : हा गेला, हा आला. आणि दारं माणसांना ओळखत नाहीत, ओळींना ओळखतात.

दुसरी जागा रिकामी ठेवून बघितली. चालेना. सनीचा नंबर घालायचा तर तो हजरच नाही. दुसऱ्याचं कार्ड लावलं की थेट नोकरीवरून काढतात, दोघांनाही. फोन कानाला होता आणि पलीकडे इनायत एकच वाक्य बोलत होता, “झिशू, लवकर.” झिशानने दोन्ही जागी भावाचाच नंबर घातला. घरचा माणूस, घरच्याच माणसाच्या जागी. यात कुणाचं काय जातंय?

पडद्यावर लाल पट्टी आली : एकच माणूस स्वतःची बदली होऊ शकत नाही.

मॅक्रो बनवणारा अशी अट घालू शकतो. भलतंसलतं कंसात गेलं तर ती आडवी येते. झिशानने मॅक्रो उघडला, ती अट पुसली, जतन केलं, आणि परत चालवला.

बदली(इनायत, इनायत).

फोनमध्ये दाराचा ‘पीं’ ऐकू आला. मग इनायतची धावती पावलं.

दवाखान्यात झिशान पोचला तेव्हा अम्मीच्या कपाळाला टाके घालून झाले होते आणि इनायत बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. सकाळी खोलीत शिरण्याआधी त्याचा अंगठा दाराबाहेरच्या व्हॉल्व्हच्या पट्टीला कापला होता आणि झिशाननेच त्यावर पिवळी चिंधी बांधली होती, मशीन पुसायच्या कापडाची. आता चिंधी नव्हती. काढली असेल डॉक्टरने. पण जखमही दिसेना. झिशानने दुसरा अंगठा बघितला. तोही साफ.

माणूस घाबरला की कुठला अंगठा, कुठली जखम, काही धड लक्षात राहत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

३

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सनी भेटला. सनी निघोज्याचाच. शेताच्या जागी शेड, आणि शेडमध्ये नोकरी.

“झिशानभाऊ, तुमचा भाऊ लई तोऱ्यात हाय राव,” तो ताट ठेवत म्हणाला.

“का, काय झालं?”

“काल मला उशीर झाला, व्हय, चूक माझीच. गाडी पंक्चर. धावत आलो, दाराच्या काचंतनं बघितलं, तर हा बसलेला पाठ करून. मी काच वाजवली. त्यानं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. हात असा केला.” सनीने हाताने झटकून दाखवलं, जा म्हणून. “मी म्हणलं, डबल ड्युटी करतोय, ओव्हरटाइम पाहिजे असंल. गेलो घरी.”

“किती वाजता आलास तू?”

“अंधार पडता पडता.”

त्या वेळी इनायत दवाखान्यात अम्मीला चमच्याने पेज भरवत होता. झिशान बाजूलाच बसला होता.

“दुसरा कोणीतरी असेल, सनी.”

“मला न्हाई ओळखू येत व्हय? अंगठ्याला पिवळं फडकं बांधलेलं. रोज त्याच्याकडून चार्ज घेतो मी.” मग जरा थांबून तो म्हणाला, “पण एक हाय. हात पुढं झाला, मागं गेला. बाकी अंग हललंच न्हाई.”

त्याने भाजी संपवली, झिशानची उरलेलीही संपवली आणि गेला.

४

त्याच दिवसापासून नवीन कॉम्प्रेसर शेड सुरू झाली. आधीपासून ठरलेलंच होतं. इनायत आणि सनी तिकडे गेले, जुन्या खोलीला कुलूप लागलं. दाराचं यंत्र काढायचं राहून गेलं. अशा ठिकाणी नेहमीच काहीतरी काढायचं राहून जातं.

अम्मी घरी आली, आणि दुपारचा फोनही पूर्ववत सुरू झाला.

“इनायत निघाला का रे?”

कुठे(इनायत).

दोन ओळी आल्या. पहिली : मेन गेट, बाहेर. दुसरी, तिच्या लगेच खाली : जुनी कॉम्प्रेसर खोली, आतली बाजू, दार नाकारलं.

“झिशान? तवा ठेवू ना?”

“ठेव,” तो म्हणाला.

यंत्र बिघडलं असणार. बंद पडलेलं यंत्र शेवटची ओळ पुन्हा पुन्हा ओकतं, हे त्याला माहीत होतं. पण ओकलेल्या ओळीची वेळ जुनी असते. ही वेळ ताजी होती. त्याने मॅक्रो उलगडून बघितला. प्रत्येक मॅक्रो तसा उलगडता येतो, टोपणनाव बाजूला होऊन आतला सगळा शोध दिसतो. शोधात खोट नव्हती. त्याने फक्त त्या दाराच्या ओळी काढल्या. पडदा भरला. खाली सरकवला, परत भरला. इनायतचं कार्ड, आतली बाजू, नाकारलं. इनायतचं कार्ड, आतली बाजू, नाकारलं. पहिली ओळ अम्मी पडली त्या दुपारची. मध्ये जेवणाची सुट्टी नाही, झोप नाही.

झिशानच्या आधी लॉगरूम सांभाळायचा निरंजन. तो आता चिंचवडला एका ऑफिसात आहे. झिशानने त्याला फोन केला.

“बदली? आठवतो की. का रे भावा?”

“त्यातली ती अट. दोन्ही जागी एकच नंबर नको म्हणणारी. कशासाठी घातली होतीस?”

“मी कुठे घातली? मी आलो तेव्हा होतीच ती.” पलीकडे कोणीतरी हसत होतं, कपबशा वाजत होत्या. “काढलीस की काय?”

“घाईत होतो.”

निरंजन उठून बाहेर गेला असावा, कपबशांचा आवाज तुटला. मग म्हणाला, “बरं, मीटिंग आहे, नंतर लावतो.” नंतर त्याने लावला नाही. झिशानने लावला तर उचललाही नाही.

५

इनायतमध्ये काही फरक पडला होता का? मी जिन्यात रोज भेटायचो, म्हणून विचारलं तर सांगतो : नाही. सलाम करायचा, गाडी पुसायचा, माझी गॅसची टाकी वर चढवून द्यायचा. फक्त झिशानला चिडवत नव्हता. पगार कोण देतं, हे त्याने त्या दिवसानंतर विचारलंच नाही.

रात्री तिघं जेवायला बसली होती. अम्मीने चपाती भाजली, वाढली आणि डब्याचं झाकण हातात धरून म्हणाली, “झिशान, जरा इनायतला फोन लाव रे. अजून आला नाही.”

इनायत समोर बसून घास मोडत होता.

“अम्मी, हा काय समोर.”

अम्मी पुढे वाकली. तिला मोतीबिंदू आहे, एका डोळ्यात जास्त. तिने बराच वेळ बघितलं. मग पदर डोक्यावर ओढून घेतला, परक्या माणसापुढे घेतात तसा, आणि हळूच म्हणाली, “हो का. वाढ त्यांना.”

इनायतने मान वर केली नाही. घास चावत राहिला. चावण्याचा आवाज मात्र येत नव्हता, हे झिशानच्या तेव्हा लक्षात आलं. समोर कांदा होता, तो खात होता, आणि घरात पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

जेवण झाल्यावर झिशान गॅलरीत त्याच्यापाशी गेला.

“भाई, त्या दिवशी खोलीतून कसा निघालास?”

“दार उघडलं. आलो.”

“मागे कोण होतं?”

इनायत कठड्याला टेकून खाली बघत होता. “मी वळून बघितलं नाही,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, जवळजवळ प्रेमाने म्हणाला, “तूही बघू नकोस, झिशू. चाललंय ते चालू दे.”

भावाचंच बोलणं, भावाचाच आवाज. झिशानने ठरवलं, की डोक्याला मार लागलेली, डोळे गेलेली म्हातारी काहीही बोलते. हे ठरवून तो झोपायला गेला आणि खोलीला आतून कडी लावली. लहानपणापासून त्या खोलीला कडी कधी लागली नव्हती.

६

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. वीजही बऱ्याचदा त्याच दिवशी जाते. झिशान गुरुवारी भर दुपारी गेला. गेटवरच्या आबाजींना म्हणाला, सर्व्हर बघायचाय.

“बघा की,” आबाजी पेपरातून मान न काढता म्हणाले. “आज आत कोण न्हाई. तुमी आन् मी.”

प्लँट बंद असला की किती मोठा वाटतो हे रोज येणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पत्र्यावर ऊन तडकत होतं. कन्व्हेअरवर अर्धवट जोडलेले भाग जिथल्या तिथे थांबले होते. झिशान स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकत मागच्या बाजूला गेला, आणि वळणावरच त्याला ऐकू आलं.

पीं.

थोडं थांबून, पीं.

जुन्या खोलीच्या दारावर कुलूप, कुलपावर धूळ. दारात तारेची जाळी घातलेली चौकोनी काच. यंत्राचा दिवा लाल. या यंत्रांना बॅटरी असते, वीज गेली तरी चालतात. हे त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग काचेला डोळा लावला.

आत उजेड फारसा नव्हता. कॉम्प्रेसर उचलून नेल्यामुळे जमिनीवर बोल्टांची भोकं राहिली होती. खुर्ची रिकामी होती. आणि दाराच्या अगदी जवळ, काचेच्या खालच्या कडेला, एक हात वर आला. कार्ड धरलेला. त्याने ते आतल्या यंत्राला टेकवलं. पीं. लाल. हात खाली गेला. पुन्हा वर आला.

अंगठ्याला पिवळी चिंधी होती. चिंधीतून रक्त अजून ओलं दिसत होतं.

“भाई,” झिशान म्हणाला.

हात थांबला. काचेत चेहरा येईल म्हणून झिशान मागे सरकला. चेहरा आला नाही. दाराच्या फटीतून, शिफ्ट संपत आल्यावर असतो तसा दमलेला आवाज आला.

“सनी आला का रे?”

झिशानने कुलूप ओढून बघितलं.

“अम्मी पडलीये म्हणतात. रक्त थांबत नाही. मला सोडव इथून, झिशू, लवकर.”

“येतोय,” झिशान म्हणाला. “सनी येतोय, भाई. पाच मिनिटं.”

“बरं,” आतला आवाज म्हणाला. आणि परत पीं.

७

लिहिलेल्या ओळी पुसता येत नाहीत. पुसता आल्या तर लॉग ठेवण्यात अर्थच काय? झिशानने लॉगरूममध्ये येऊन ‘बदली’त सगळं करून बघितलं. दुसरी जागा रिकामी ठेवली : चालेना. पाहुण्यांचं जादा कार्ड घातलं : ते माणूस धरलं जात नाही. सनीचा नंबर टाइप केला. पुढे कंस पूर्ण करायचा राहिला होता. सनी त्याची भाजी खायचा, त्याच्या भावाला शिव्या द्यायचा, आणि सनीच्या घरी लहान बहीण होती. झिशानने तो नंबर एकेक आकडा करून खोडला.

फोन वाजला. सुट्टीच्या दिवशीही अम्मीचा दुपारचा फोन.

“झिशान, बघ ना रे. इनायत निघाला का?”

“इनायत घरी नाही का, अम्मी?”

अम्मीने आवाज बारीक केला. “घरी ते आहेत. बसलेत बाहेर. मी माझ्या इनायतचं विचारतेय.”

“निघतोय,” झिशान म्हणाला. “तवा ठेव.”

बदली(इनायत, झिशान). जाणारा भाऊ, त्याच्या जागी आपण. लाल पट्टी आली नाही. यात चुकीचं असं काहीच नव्हतं. दोन वेगळे नंबर, दोन वेगळी माणसं. लांब कुठेतरी दार उघडल्याचा आवाज झाला. त्याला वाटलं आपल्याला आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तो खुर्चीत होता. हात होते, पाय होते. त्याने उठून गेट गाठलं, कार्ड टेकवलं, बाहेर पडला. इतकंच, की त्या वेळी आबाजींनी पेपरातून वर बघितलं, त्याच्याकडे नाही, त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे, आणि कोणीतरी यायचं राहिलंय असं गेट उघडंच धरून ठेवलं.

घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. चपात्यांचा वास जिन्यापर्यंत. इनायत जेवत होता, वचावचा, आवाज करत, अंगठ्याची पिवळी चिंधी आमटीत बुडत होती. अम्मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“कंपनी जेवायला घालत नाही वाटतं,” झिशान उंबऱ्यातून म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याला हसू आलं.

इनायतने हात थांबवला. अम्मीने दाराकडे बघितलं, बराच वेळ. मग पदर डोक्यावर ओढून घेतला.

“इनायत,” ती म्हणाली, “झिशान अजून आला नाही का रे?”

८

आता कबुली देतो. यातला एक भाग मी रचलाय. माणसाला काहीतरी हाती लागू द्यावं, म्हणून मी नेहमी ही गोष्ट अशीच संपवतो.

इनायत परत आला, ती चिंधी, ते वचावचा जेवणं, पाठीवरचा हात, हे सगळं माझं. बाकीचं झिशानने मला जिन्यात बसून सांगितलं, त्याच संध्याकाळी. तो निघायच्या आधीच लॉगरूमच्या पडद्यावर जुन्या खोलीच्या दारापाशी दोन नंबर आळीपाळीने यायला लागले होते, हेही त्यानेच सांगितलं. सांगताना त्याचा आवाज अगदी शांत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की इतका जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागायला हवी.

मी त्यांचं एक पातेलं परत द्यायचं निमित्त काढून वर गेलो. दोघे भाऊ समोरासमोर जेवायला बसले होते. दोन्ही ताटांत कांदा होता. पंख्याचा आवाज येत होता. अम्मीने त्यांना वाढलं, मर्यादेने, डोक्यावरचा पदर सांभाळत, आणि मला पातेल्यासकट दारापाशी घेऊन आली.

“तुमच्याकडे कंपनीचा नंबर आहे ना?” तिने विचारलं. “जरा फोन लावून बघा. माझी दोन्ही पोरं अजून आली नाहीत.”